फसलेलं गिऱ्हाईक पाहिजे

मामांना स्वतःच्या नाकाचा भारी अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवूनही ठेवला नाही. साबणाच्या त्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं कढईवर होते. कारखाना म्हणायचं आपलं. खरं तर पत्र्याच्या छपराचं एक लांबट गोदाम, चार मोठ्या कढया, लाद्या कापायची तार, ठसा मारायचं हातयंत्र आणि वड्या सुकवायच्या लाकडी मांडण्या. पण या सगळ्यावर राज्य मामांच्या नाकाचं. तेलाच्या डब्याचं झाकण अर्धं निघालं की मामा लांबूनच ओरडायचे, "जुनं आहे, परत पाठवा!" साबण शिजत आला की त्यातला कणभर थंड करून ते जिभेच्या टोकाला लावायचे. जीभ चुरचुरली की कॉस्टिक सोडा जास्त झाला, कढई अजून खाली उतरवायची नाही. सुकलेल्या दोन वड्या एकमेकींवर आपटून, कान लावून ते सांगायचे की आज गुंडाळायच्या की आणखी आठवडाभर थांबायचं.

"आपली वडी मी झोपेतसुद्धा ओळखीन," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा ते यायचंच, आणि ते आलं की ठसा मारणाऱ्या बाया ओठ हलवून त्यांच्याबरोबर मुकाट्यानं ते पूर्ण करायच्या. मामांना हे माहीत होतं. पण कौतुकच करतायत, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

मामा म्हणायचे सगळेच, कारण कारखान्याची मालकीण ही त्यांची सख्खी भाची. कारखाना काढला तिच्या वडिलांनी, म्हणजे मामांच्या दाजींनी. दाजींनी एका कढईवर सुरुवात केली तेव्हाच वडीच्या हिरव्या कागदावर एक पांढरा बगळा छापून घेतला. लंबगोलात, एका पायावर उभा, मागे थोडी लव्हाळी. बगळा छाप साबण. पैसे येण्याआधी दाजींनी ट्रेडमार्कची रीतसर नोंदणी केली आणि त्याचा दाखला चौकटीत घालून टेबलाच्या वर टांगला. लोक हसले. "साबण अजून विकला जात नाही आणि हा पक्ष्याचे कागद करतोय," म्हणाले. दाजी सहा वर्षांपूर्वी गेले. भाचीनं नोकरी सोडून कारखाना हातात घेतला, नोंदणी वेळच्या वेळी पुढे चालू ठेवली. तेव्हा कोणीतरी मामांना विचारलं होतं, तुम्ही का नाही मालक झालात? मामा म्हणाले, "मला कढई कळते. माणसं कळत नाहीत." हे मात्र ते अभिमानानं नव्हे, खरंच म्हणाले होते.

दाजींनी मागे एक नियम ठेवला होता आणि तो सगळ्यांना विचित्र वाटायचा. कारखान्यातून साबणाची एक वडीसुद्धा कोणी घरी न्यायची नाही. मालकानं नाही, कामगारानं नाही. घरात साबण लागला की तो दुकानातून विकत आणायचा, दर वेळी वेगळ्या दुकानातून, ओळख न सांगता, आणि बिल घ्यायचं. "गिऱ्हाईक जे घेतं ते आपण घ्यायचं," दाजी म्हणत. "आपल्या हातातली वडी नेहमी चांगलीच दिसते. दुकानात ती कशी दिसते ते बघा. धूळ बसलीय का, कागद फाटलाय का, दुकानदार ती पुढे ठेवतो की मीठ-मसाल्यांच्या मागे." कामगार यातून पळवाटा काढायचे, पण मामा नियमाला पक्के. त्यांच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला साबणाच्या बिलांचा जुडगा लटकलेला असायचा.

तर एका सकाळी मामींनी मामांचा सदरा त्यांच्या नाकासमोर धरला.

"अहो, या वेळचा साबण बरा नाही. कॉलर बघा, मळ तसाच. आणि रंग मात्र उतरलाय."

"पाणी बदललं असेल," मामा म्हणाले.

"पाणी तेच आहे. नळ तोच आहे. मीसुद्धा तीच आहे."

"मग जास्त वेळ भिजवलं असशील. अगं, माझ्या हातचा साबण आहे तो!"

चार दिवसांनी मामी म्हणाल्या, फेस होत नाही. मामा म्हणाले, बादली नीट विसळ. आणखी आठवड्यानं मामींनी दोन्ही हात पुढे केले. बोटांना भेगा पडल्या होत्या. "हे बघा तरी," त्या म्हणाल्या. मामांनी बघितलं, मलम आणून दिलं, आणि वर ऐकवलं की थंडीत असं होतंच. थंडीला तेव्हा अजून दोन महिने अवकाश होता. आता, दिवसभर साबणाच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाला घरी आल्यावर साबणाचा वास येतच नाही, हे एक खरं. पण दुसरं खरं असं की मामांनी त्या वडीचा वास घ्यायचा प्रयत्नही केला नाही. कागदावर पक्षी होता, विषय संपला.

त्याच आठवड्यात माल पोचवणारा गाडीवाला एक वडी घेऊन कारखान्यात आला आणि ती त्यानं टेबलावर ठेवली. हिरवा कागद. लंबगोल. एका पायावर उभा पांढरा पक्षी. मागे लव्हाळी. अक्षरांची वळणंसुद्धा तीच, फक्त लिहिलेलं होतं 'करकोचा छाप'. चोच जरा लांब, आणि पंखाच्या टोकाला काळ्या रंगाचा फराटा.

"बसस्टॉपच्या रांगेतल्या सगळ्या दुकानांत आहे," गाडीवाला म्हणाला. "आपल्या वड्यांच्या शेजारीच रचलाय."

भाचीचा चेहरा पडला. गेले दोन महिने मागणी का घटली, चारातल्या दोन कढया गार का पडल्या, ते तिला त्या क्षणी कळलं. बाया गोळा झाल्या. कोणी म्हणे चोरी आहे, कोणी म्हणे चोरावर मोर आहे. मामांनी कागद फाडला, वडी नाकाला लावली आणि ती टेबलावर अशी आपटली की दोन तुकडे झाले.

"टाकाऊ तेल! वर भरीला माती! आणि हा म्हणे बगळा? आंधळ्यालाही कळेल हा करकोचा आहे ते. ज्याला हा बगळा वाटेल त्याचे आधी डोळे तपासा, मग डोकं!"

सगळ्या हसल्या. मामांच्या जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी ते घरी गेले, हात धुवायला मोरीत गेले, आणि फळीवर ठेवलेल्या शिल्लक दोन वड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. एका वडीवरून त्यांच्याकडे लांब चोचीचा, काळ्या पंखांचा पक्षी बघत होता.

मामा मोरीतच उभे राहिले. मग चोरपावलांनी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी खिळ्यावरचं सगळ्यात वरचं बिल काढलं. बसस्टॉपच्या रांगेतलं दुकान, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. आणि दुकानदारानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'बगळा साबण, वड्या चार'. म्हणजे देणाराही फसला होता आणि घेणाराही. घेणारा कोण, तर झोपेत ओळखणारा. मामांनी दोन्ही वड्या, बिल आणि वापरलेल्या वड्यांचे मामींनी फळीवर अंथरलेले दोन कागद एका जुन्या मोज्यात कोंबले आणि मोजा ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मामींना त्यांनी सांगितलं की साबण बदलून आणतो, ही खेप बिघडली होती. हे अर्धं खोटं होतं, पण मामींच्या दृष्टीनं निम्मा विजय होता, म्हणून त्यांनी ताणलं नाही.

भाची वकिलीणबाईंकडे गेली, मामांना बरोबर घेऊन. वकिलीणबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. करकोचावाल्याला आधी नोटीस गेली. त्याचं उत्तर आठवड्यात आलं, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात. आमचा पक्षी वेगळा, नाव वेगळं, हिरवा रंग काय तुमच्या वडिलांचा आहे? दोन्हीत फरक इतका स्पष्ट आहे की आंधळ्यालाही कळेल.

"अगदी बरोबर!" मामांच्या तोंडून निघून गेलं. "मीही हेच म्हणालो होतो!"

वकिलीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मामा, हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. ते त्यांचं वाक्य आहे. फरक आंधळ्यालाही कळत असेल तर आपली केस आजच संपली. नोंदणी आपली आहे, पक्षी आधी आपला आहे, हे सगळं मी दाखवीन. पण न्यायाधीश एकच विचारणार, साधं गिऱ्हाईक गोंधळेल का? गोंधळलंय का? एक तरी माणूस दाखवा. मला फसलेलं गिऱ्हाईक पाहिजे."

मग दावा दाखल झाला आणि सुरू झाली फसलेल्या गिऱ्हाइकाची शोधाशोध. कारखान्यात तक्रारीचे फोन आले होते, त्यावरून भाचीनं यादी काढली आणि मामा-भाची घरोघर हिंडले. पहिले निघाले एक शाळामास्तर. फोनवर त्यांनी 'तुमचा बगळा बिघडला' म्हणून आरडाओरडा केला होता. समोर दोन कागद ठेवल्यावर मास्तर गंभीर झाले. "फसलो? मी? छे हो. मी मुद्दाम घेतला तो. बदल म्हणून." दुसऱ्या बाई तयार होत्या, तर आतून त्यांच्या नवऱ्यानं ऐकवलं की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तिसरा एका लॉजमधल्या धुलाईचा प्रमुख. तो म्हणाला, "ताई, महिनाभर भलताच साबण वापरला हे मालकाला कळलं तर माझीच धुलाई होईल."

परतताना भाची बसस्टॉपवर मटकन बसली. "मामा, माणसं साबणाला फसतात, पण फसलो म्हणायला एक माई का लाल तयार नाही. कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर आलीय. मनाई हुकूम मिळाला नाही तर उरलेल्या दोन कढयाही विझवाव्या लागतील. बाबांचा बगळा माझ्या हातून जाणार बघ."

मामा खोकले. बस लवकर येईल तर बरं, असं त्यांना वाटलं. भाचीला लहानपणी त्यांनीच साबणाचे फुगे उडवायला शिकवले होते. तिचा तो चेहरा त्यांना बघवेना. पण आंधळ्यालाही कळेल म्हणालो ते अकरा जणींसमोर, आणि त्या अकरा जणी काय सोडणार आहेत? सव्वीस वर्षं कमावलेलं नाव एका मोज्यात जाणार. मामांना आपली स्वतःचीच चीड आली, मास्तरांची तर त्याहून आली, आणि दोन्ही चिडी एकच आहेत हे कळल्यावर त्यांना जेवण जाईना.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मामी दोरीवरचे कपडे काढून आणत होत्या. तोच सदरा, तीच विटलेली कॉलर. मामांनी ती बघितली, उठले, ट्रंक उघडली आणि मोजा मामींच्या मांडीवर रिकामा केला.

मामींनी आधी वड्या बघितल्या. मग कागद. मग बिल वाचलं, तारखेवर बोट ठेवलं. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पालथ्या बादलीवर बसावं लागलं, आणि बादलीही घसरली.

"हसून घे," मामा म्हणाले. "काय हसायचं ते हसून घे. अगं, गावभर गिऱ्हाईक शोधत हिंडतोय मी."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "पोरीला सांगितलंत का?"

"काय सांगू? तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"तोंड नका दाखवू. बिल दाखवा." मग त्या हसायच्या थांबल्या. "अहो, नाक राहिलं आणि कारखाना गेला तर त्या नाकानं काय हुंगणार आहात?"

मामा त्याच दुपारी भाचीकडे गेले. तिनं बिल वाचलं आणि ती आधी हसली नाही. "मामा, हे सगळं पोटात ठेवून तू माझ्याबरोबर दारोदार हिंडलास?" मामा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं." एवढं म्हणायला त्यांना जितका त्रास झाला तितका कढई उतरवायलाही कधी झाला नव्हता. मग भाचीनं मोज्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि तिलाही हसू आवरेना.

वकिलीणबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. "बिलावर दुकानदारानं बगळा लिहिलंय! तारीख नोटिशीच्या आधीची! शिल्लक वड्या कागदासकट! मामा, तुमच्यासारखं फसलेलं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही." हे कौतुक कोणत्या खिशात ठेवायचं ते मामांना कळेना.

कोर्टाची खोली उंच छताची, पंखा कुरकुरणारा, बाकं इतकी गुळगुळीत की बसलेला माणूस हळूहळू पुढे सरकायचा. मामांनी विटलेल्या कॉलरचा सदरा घातला होता, मामींच्या आग्रहावरून. मागच्या बाकावर मामी आणि त्यांच्या शेजारी कारखान्यातल्या अकरा जणी. मामांना वाटलं होतं की कामाचं निमित्त होऊन त्या येणार नाहीत. पण भाचीनं सुट्टी देऊन टाकली होती.

दुकानदार येऊन सांगून गेला की होय, अक्षर माझं, आणि दोन्ही माल मी एकाच फळीवर ठेवत होतो, मला वाटलं बगळ्याचाच नवा कागद आलाय. मग मामा पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. दाजींचा नियम, दुकान, बिल. मामांनी शपथेवर सांगितलं, "बगळा समजून घेतला. करकोचा निघाला."

समोरचे वकील उठले. उंच, गोड आवाजाचे.

"आपण सव्वीस वर्षं साबण करता?"

"हो."

"आपल्या नाकाची ख्याती आहे म्हणतात. आपली वडी झोपेत ओळखता, असं आपणच म्हणता?"

मागच्या बाकावर अकरा जोड्या ओठ हलले. "म्हणत होतो," मामा म्हणाले.

वकिलांनी खिशातून कागद काढलेल्या दोन वड्या मामांसमोर ठेवल्या. एकसारख्या हिरवट, ठसा खरवडून काढलेल्या. "मग सांगा बरं, यातली तुमची कोणती?"

भाचीला डाव कळला. ओळखली तर वकील म्हणणार, बघा, फरक कळतो. नाही ओळखली तर मामांचं नाक कायमचं कापलं गेलं. वकिलीणबाईही जागच्या जागी हलल्या. मामांनी पहिली वडी उचलली, नाकापर्यंत नेलीसुद्धा नाही, खाली ठेवली. "ही त्यांची." दुसरी उचलली. "ही माझी. पण ही जरा लवकर गुंडाळलीय, अजून आठवडाभर सुकायला हवी होती. कोण होतं त्या दिवशी मांडणीवर?"

कोर्टात हशा पिकला. वकिलांचा चेहरा उजळला. "साहेब, नोंद व्हावी. साक्षीदारानं क्षणात ओळखली. फरक स्पष्ट आहे. याला गोंधळ म्हणतात का?"

"थांबा," मामा म्हणाले. त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं, पण कढईवरचा माणूस उकळी आली की थांबत नाही. "इथे तुम्ही मला सांगितलंत की दोनातली एक परकी आहे. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि तिथे दुकानदार कागद काढून देत नाही हो. मी बगळा बघितला आणि पिशवीत टाकला. वास घेतला नाही. का घ्यायचा? माझ्या दाजींनी तो पक्षी कशाला छापला? गिऱ्हाइकाला दर वेळी नाक लावायला लागू नये म्हणून! एकदा चांगला निघाला, दोनदा चांगला निघाला, मग माणूस पक्षी बघतो आणि डोळे मिटून घेतो. त्या मिटलेल्या डोळ्यांवर यांनी हात मारलाय. माझ्यासारखा माणूस फसला, तर ज्याला साबणातलं काही कळत नाही त्यानं काय करायचं?"

न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकत होते. स्टेनोची बोटं मात्र थांबली नव्हती.

वकिलांनी आवाज आणखी गोड केला. "ठीक. दुकानात फसलात. पण घरी तीन आठवडे तोच साबण वापरलात. एकदाही शंका आली नाही? यावर कोण विश्वास ठेवेल?"

कारखान्यातल्या बाया पुढे वाकल्या. मामांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "बायकोला आली. तीनदा सांगितलं तिनं. मळ निघत नाही म्हणाली, मी म्हटलं पाणी वाईट. फेस होत नाही म्हणाली, मी म्हटलं बादली वाईट. तिच्या हातांना भेगा पडल्या तर मी थंडीवर ढकललं. माझा पक्ष्यावर विश्वास होता, तिच्यावर नाही ठेवला. तिचं बरोबर होतं, साहेब. माझं चुकलं."

"हे असंबद्ध आहे," वकील घाईनं म्हणाले. "हे नोंदवायची गरज नाही."

न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडे नजर टाकली. तिथे मामी ताठ बसल्या होत्या आणि अकरा जणी मामींकडे बघत होत्या. "प्रश्न तुम्हीच विचारलात," न्यायाधीश म्हणाले, आणि स्टेनोला सावकाश सांगितलं, "लिहा. साक्षीदार म्हणतो की त्याच्या पत्नीचं बरोबर होतं."

हुकूम महिनाभरानं झाला. करकोचावाल्यानं तो पक्षी, तो लंबगोल आणि तो हिरवा कागद वापरायचा नाही, दुकानांतला माल परत घ्यायचा. हुकुमात एक वाक्य होतं की साबणाच्या जाणकारालाही ज्या वेष्टनानं चकवलं ते सामान्य ग्राहकाला चकवणारच. भाचीनं ते कारखान्यात मोठ्यानं वाचलं, दोनदा. गार पडलेल्या दोन्ही कढयांखाली पुन्हा जाळ लागला. मामांना भीती होती ती चेष्टा झालीच. तेलाचा डबा उघडला की बाया विचारायच्या, "मामा, हे तेलच आहे ना? बघा हं." मामा चिडायचे आणि मग स्वतःच हसायचे. एका संध्याकाळी शाळामास्तर कारखान्याच्या दारात आले, इकडेतिकडे बघून मामांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मीही फसलो होतो हो. कुणाला सांगू नका." मामांनी त्यांना चहा पाजला.

पुढे थोड्या दिवसांनी मामा कपाटात रुमाल शोधत होते. मामींच्या साड्यांच्या घडीत त्यांना एक लांबट पाकीट सापडलं. आत कोर्टाचा कागद, खाली गोल शिक्का, सही. मामांनी चष्मा लावून वाचला. त्यांची स्वतःची साक्ष होती.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मामी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "नक्कल आहे. सही-शिक्क्याची. मी अर्ज केला होता."

"तू? एकटी कोर्टात गेलीस? अगं पण कशाला? हुकमाची प्रत आहे की कारखान्यात, चौकटीत लावलीय."

"हुकूम पोरीचा. हे माझं," मामी म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. 'तिचं बरोबर होतं' असं तुम्ही एकदाच म्हणालात, आणि तेसुद्धा मला नाही, न्यायाधीशांना."

मामा कागद हातात धरून उभे राहिले. त्यांचं लक्ष मामींच्या बोटांकडे गेलं. भेगा भरत आल्या होत्या. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "हे बघ, तुलाच सांगतोय."

मामींनी सदऱ्याची घडी पुरी केली, मामांच्या हातातून कागद घेतला, पाकिटात घातला आणि पाकीट परत साड्यांमध्ये ठेवलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "पण कागद राहू दे."